बरा झालेला माणूस

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मोठ्या रोलरनं दिवसाची पहिली चादर आत ओढून घेतली होती. या रोलरसमोर दोन बायका लागतात. दोघींनी चादरीचा एकेक कोपरा धरायचा, काठ ताणायचा, पट्ट्यावर टेकवायचा आणि बोटं वेळेत काढून घ्यायची. एकीचा हात जरा मागे पडला की चादर तिरकी आत जाते आणि पलीकडून चुण्या घेऊन बाहेर येते. डाव्या कोपऱ्यावर उभी असलेली बाई या कामात मुरलेली होती. तिची चादर तिरकी जात नसे. एरवीही ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. लॉन्ड्रीत तिला सगळे ताई म्हणायचे. मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चमधल्या लोकांत, एके काळी तिला 'साक्षवाल्या बाई' म्हणत. ते नाव आता कुणी घेत नव्हतं.

उजव्या कोपऱ्यावरच्या बाईला 'रेडिओ' म्हणत, कारण ती आल्याबरोबर सुरू व्हायची आणि मशीन बंद झाल्यावरच थांबायची. देवाधर्माशी रेडिओला काही घेणंदेणं नव्हतं.

"आज बुधवार ना?" रेडिओ म्हणाली. "माझ्या जावेनं बुधवारी यायचं कबूल केलंय. म्हणजे ती शुक्रवारी येणार, आणि येताना फक्त भूक घेऊन येणार."

"कोपरा धर."

"धरलाय बाई. तुझ्याशी बोलण्यापेक्षा या रोलरशी बोललेलं बरं. तो निदान वाफ तरी सोडतो."

वर्षापूर्वीपर्यंत डावी बाजू इतकी गप्प नसायची. ओठ हलत असायचे. तिची एक सवय होती, कुणी शिकवलेली नव्हे, तिनंच स्वतःला लावून घेतलेली. प्रत्येक चादरीमागे एक प्रार्थना: हिच्यावर जो कुणी पडेल त्याला झोप लागू दे. एवढीच. काठाच्या दोऱ्यावरून वॉर्ड कळायचा. निळा दोरा मुलांचा, तांबडा ऑपरेशनवाल्यांचा, हिरवा बाळंतिणींचा. त्याप्रमाणे प्रार्थनेतले शब्द थोडे इकडेतिकडे व्हायचे. चादर आत जाईपर्यंत प्रार्थना संपवावी लागे, कारण पुढची तयारच असे. "तुझा देव चादरी मोजत बसतो का गं?" असं रेडिओ चिडवायची. "मोजत असेल. तुझ्यासारखा मध्येच चहाला जात नसेल," असं उत्तर मिळायचं.

नवरा गेला आणि ओठ थांबले. चादरी तशाच सरळ जात राहिल्या.

चहाच्या सुट्टीत तळघराच्या पायऱ्या उतरून पाळकीणबाई आल्या. चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. गुडघ्यांमुळे त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या, काम महत्त्वाचं असणार हे ताईला त्यावरूनच कळलं.

"ताई, एक काम घेऊन आलेय. नाही म्हणू नका."

"आधी सांगा तरी."

"रंगाऱ्याची बायको ठाऊक आहे ना? नवीन कुटुंब आहे, खिडकीजवळच्या बाकावर बसतात. त्यांच्या चिमणीला फिट यायची. सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि आता तीन आठवडे झाले, एकदाही आलेली नाही. रविवारी साक्ष द्यायचीय त्यांना. रंगारी बोलेल घडाघडा, पण मला वाटतं आईनं बोलावं. आणि ती तर चार माणसांत तोंड उघडत नाही. म्हटलं, तुमच्याशिवाय तिला कोण शिकवणार?"

ताईनं कप खाली ठेवला. "मुलीचं औषध चालू आहे का?"

"ते मी कसं विचारू?" पाळकीणबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "बंद केलंय, असं रंगारी सांगत होता. अभिमानानं सांगत होता."

रोलरचा पट्टा रिकामाच फिरत होता.

"शुक्रवारी जाते," ती म्हणाली.

पाळकीणबाईंनी तिचा हात दाबला. "तुम्ही पुन्हा उभ्या राहताय ताई. बरं वाटलं." ताईनं तसं काही म्हटलं नव्हतं. पण त्या समाधानानं पायऱ्या चढायला लागल्या होत्या, आणि त्यांचे गुडघे बघता त्यांना परत बोलावणं बरं दिसलं नसतं.

साक्ष म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. रविवारच्या उपासनेत, उपदेशाच्या आधी, पाळकसाहेब विचारतात, आज कुणाला काही सांगायचं आहे का. मग एखादा उभा राहतो आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. नोकरी मिळाली, दारू सुटली, भावाशी अबोला संपला. लोक टाळ्या वाजवतात, एक गीत होतं. पद्धत चांगली आहे. घरी एकट्यानं रडलेल्या माणसाला चारचौघांत हसायला मिळतं. फक्त तिच्यात एक गोम आहे. साक्ष मागे घेण्याची सोय नाही. 'गेल्या महिन्यात सुटली म्हणालो होतो, ती परत लागली' हे सांगायला कुणी उभं राहत नाही. बरं झालो म्हटल्यावर औषध घेत राहणं म्हणजे अविश्वास, असं पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून कधी म्हटलेलं नाही. कुणीच म्हटलेलं नाही. तरी ते सगळ्यांना ठाऊक असतं.

ताईचा नवरा किल्ल्या बनवायचा. बाजाराच्या तोंडाशी एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. एक माणूस बसेल एवढी जागा, एक घासायचं मशीन आणि मागच्या भिंतीवर दात न पाडलेल्या किल्ल्यांच्या ओळी. माणूस हसरा. लग्नानंतर बायकोबरोबर चर्चला यायला लागला आणि शेवटच्या बाकावर बसायला लागला. "देवाच्या दाराची किल्ली बनवता आली असती तर तुम्हा सगळ्यांना घाऊक भावात दिली असती," असं तो म्हणायचा, आणि पाळकसाहेबही हसायचे. प्रार्थना त्याला जमत नसे. रात्रीच्या जेवणाआधी ताई करायची. "तू म्हण सगळं, मी आमेन म्हणतो," असा त्यांचा ठराव होता. "दोघांचं मिळून एक होतं."

त्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, केस गेले, आले. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आत्ता तरी काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं." वाक्याचा पहिला भाग ताईनं दोन्ही कानांनी ऐकला. पुढच्याच रविवारी ती उभी राहिली. तिनं खोटं काही सांगितलं नाही, रिपोर्टात होतं तेच सांगितलं. लोकांनी ऐकलं ते 'बरा झाला'. त्यांचे चेहरे बघून तिलाही तेच ऐकू आलं.

ती बोलली चांगली. मग दुसऱ्या मंडळ्यांनी बोलावलं. रविवारी दोघं बसनं जायची, ती व्यासपीठावर बोलायची आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "आणि हेच ते." मग किल्लीवाला पहिल्या रांगेत उभा राहायचा, शिंप्याकडे मापाला उभं राहावं तसा, हात दोन्ही बाजूंना. परतीच्या बसमध्ये म्हणायचा, "पुढच्या वेळी तिकीट लावू या. नुसतं उभं राहायचे पैसे मिळतात असा धंदा दुसरा नाही." ती हसायची आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपायची. ते महिने त्यांच्या संसारातले सगळ्यांत सुखाचे होते, आणि हेच तिला पुढे सोसलं नाही.

कारण त्यांतल्या कुठल्यातरी महिन्यात दुखणं परत आलं होतं आणि त्यानं ते सांगितलं नव्हतं. जेवण कमी झालं. "पोटभर जेवलं की झोप येते, आणि मी दुकानात झोपलो तर गावातल्या चोरांची दिवाळी होईल," असं काहीतरी बोलून ताट सरकवायचा. तपासणीला एकटा जायचा. "जाऊन आलो, सगळं ठीक," असं सांगायचा. एका दुपारी तो मशीनवरच कोसळला. त्यानंतर घरी आलाच नाही.

सगळं उरकल्यावर ताई दुकान रिकामं करायला गेली. खालच्या खणाला कुलूप होतं. शेकडो किल्ल्यांत त्याची किल्ली सापडेना. शेवटी दुसऱ्या बाजारातल्या किल्लीवाल्याला बोलवावं लागलं. खणात दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, दाबून सपाट केलेली, रबर लावून जुड्या बांधलेली. घरच्या केरात टाकली असती तर तिला दिसली असती.

पुरायच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले होते, "आमचा भाऊ आज पूर्ण बरा झाला आहे." दुःखात आधार द्यावा म्हणून म्हणाले होते. ताईच्या आत तेव्हा काहीतरी बंद झालं.

चर्चला ती जात राहिली, शेवटच्या बाकावर, त्याच्या जागेवर. गीताला उभी राहायची, बसा म्हटलं की बसायची. रात्री सवयीनं खाटेशी गुडघे टेकायची आणि तशीच उठायची. देव नाही असं तिला एकदाही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. तो होता, आणि तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. तिच्या बोलण्यानं एकदा एक तोंड बंद झालं होतं.

शुक्रवारी पाळी संपवून ती रंगाऱ्याच्या घरी गेली. दोन खोल्या. दारातच शिडी आडवी ठेवलेली, टर्पेंटाइनचा वास, आणि एका भिंतीवर हाताएवढी रंगाची ठिगळं: पांढऱ्याचेच सात-आठ प्रकार, पिवळे, एक भडक जांभळा. गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी रंगारी ते इथे लावून बघत असे. तो कामावर होता. चिमणी फरशीवर बसून रंगांच्या नमुन्यांचं कार्ड उलगडत होती.

"बघ कोण आलीय, हॉस्पिटलच्या चादरींवाली काकू," आई म्हणाली. वय फार तर पंचवीस. तिनं ताईला बसायला खुर्ची पुसून दिली आणि स्वतः मुलीशेजारी खाली बसली. "काकू, मी कुठून सुरू करू? आधी स्तुती, मग आजार, असं ना? हे म्हणतात लांबण लावू नकोस. पण मला लांब काय, आखूडही जमत नाही."

"औषध कधी बंद केलंत?"

"झाले दहा दिवस." ती जरा गोंधळली. "साक्ष द्यायचं ठरलं ना, तेव्हापासून. हे म्हणाले, एकीकडे बरी झाली म्हणायचं आणि दुसरीकडे चमच्यानं सिरप पाजायचं, ते काही बरं दिसत नाही. बाटली टाकूनच दिली त्यांनी."

"डॉक्टरांना विचारलं?"

"त्यांना यातलं काय कळतं?" मग घाईघाईनं, "म्हणजे, औषधातलं कळतं. यातलं म्हणते मी."

ताईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "माझ्या नवऱ्याबद्दल काय ऐकलंयस तू?"

"आम्ही आलो तेव्हा ते नव्हते. पण पाळकीणबाई सांगतात ना नेहमी. बरे झाले होते. मग नंतर दुसऱ्या कशानंतरी गेले."

"दुसऱ्या कशानं नाही."

आईनं मुलीच्या डोक्यावरून फिरणारा हात थांबवला.

"त्याच गाठीनं गेले," ताई म्हणाली. "परत आली होती. त्यांना दुखत होतं आणि ते लपवत होते. मला कळलं ते हॉस्पिटलच्या खाटेवर. मी विचारलं, तपासणीला जात होतात ना, मग? तर म्हणाले, गेलो होतो गं, फाटकापर्यंत. ओपीडीच्या खिडकीवर आपल्या मंडळीतली सिस्टर बसलेली. बरा झालेला माणूस त्या रांगेत कसा उभा राहणार?"

चिमणीनं कार्डाची आणखी एक घडी उलगडली.

"मी म्हटलं, सिस्टरला नका सांगू, पण मला तरी सांगायचं. तर म्हणाले, तू किती आनंदात होतीस. मी तोंड उघडलं असतं तर एक तू खोटी पडली असतीस, नाहीतर तुझा देव. तुमच्या दोघांच्या मध्ये मी कशाला येऊ? असं म्हणाले. आणि हसले. त्यांना हसताना दुखायचं, तरी हसले."

हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. सांगताना तिचा आवाज लॉन्ड्रीत 'कोपरा धर' म्हणताना असतो तसाच होता.

रंगाऱ्याची बायको म्हणाली, "काकू, राग मानू नका. पण तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल."

हे वाक्य ताईनं वर्षभर स्वतःला सगळ्या तऱ्हांनी म्हणून बघितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

"असेल," ती म्हणाली. "पण तो कमी होता म्हणून नाही लपवलं त्यांनी. फार मोठा दिसत होता म्हणून लपवलं."

"यांना हे पटणार नाही."

"साक्ष दे की. कोण नको म्हणतंय? फिट आली नाही, हे खरंच आहे. ते सांग आणि सिरपही दे. दोन्ही चालतं."

"दोन्ही चालतं असं कुणी म्हणत नाही, काकू."

ते खरं होतं. चिमणीनं कार्डावरच्या एका पांढऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हा तुझ्या चादरींचा आहे का. ताई म्हणाली, नाही, आमचा इतका स्वच्छ नसतो. आईनं तिला दारापर्यंत सोडलं, पण 'पुन्हा या' म्हणाली नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, आज कुणाला काही सांगायचं आहे का. रंगारी उभा राहिला, चिमणीला कडेवर घेऊन. बायको बाकावरच बसून राहिली. तो चांगलं बोलला, लांबण लावली नाही. आम्ही औषध सोडलं पण प्रभूनं आम्हाला सोडलं नाही, असं म्हणाला. टाळ्या पडल्या. आवाजानं दचकून चिमणीनं बापाच्या मानेत तोंड खुपसलं.

शेवटच्या बाकावर ताईनं पुढच्या बाकाची कड धरली. उठायचं असं तिनं घरून ठरवून आणलं होतं. पण रंगाऱ्याचा चेहरा तिला सरळ दिसत होता आणि तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. तसाच चेहरा घेऊन ती बसमध्ये झोपली होती. गीत सुरू झालं, सगळे उठले, तीही उठली. आता उठण्याला काही अर्थ नव्हता.

उपासना संपल्यावर ती गीतांची पुस्तकं गोळा करायला थांबली. पाळकसाहेब तिच्याशेजारी येऊन त्यांचे ढीग नीट लावायला लागले, ते नीटच होते तरी.

"रंगाऱ्याच्या बायकोनं सांगितलं मला सगळं," ते म्हणाले. "तुम्ही तिला घाबरवलंत, ताई."

"घाबरवायलाच गेले होते."

"मला आधी सांगायचं होतंत. किल्लीवाल्याचं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"दर रविवारी विचारतो मी. कशा आहात म्हणून."

"दारात विचारता, पाळकसाहेब. मागे रांग असते. बरी आहे म्हणायचं आणि पुढे सरकायचं."

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक ढिगावर ठेवलं, परत उचललं. पन्नाशीचा माणूस, चेहऱ्यावर रविवारचं उत्साही काहीतरी नेहमी असायचं. ते आत्ता नव्हतं. "मीच त्याला उभं करायचो," ते म्हणाले. "इथे. तीन वेळा केलं असेल."

"चार."

हातातलं पुस्तक त्यांनी ढिगावर ठेवून दिलं. "प्रार्थना करू का?"

"आज नको," ताई म्हणाली. "पण रंगाऱ्याच्या घरी जा. टाळ्या तुमच्यासमोर पडल्यात."

ते जातो म्हणाले. ती घरी आली, एकटीपुरतं जेवली. 'आमेन' म्हणायला कुणी नव्हतं आणि त्याआधी काही म्हटलंही गेलं नव्हतं. दुपारभर ती खाटेवर बसून होती. वर्षभर तिनं स्वतःला समजावलं होतं की निदान आपण गप्प आहोत, म्हणजे आपल्यामुळे आणखी कुणाचं वाईट होणार नाही. आज ती गप्प बसली होती आणि तिच्या गप्प बसण्यासमोर एका लहान मुलीसाठी टाळ्या वाजल्या होत्या. बोलून नवरा गमावला. आता गप्प बसूनही हे. तिला रडू आलं. त्याला पुरून आल्यावर आलं नव्हतं, खण उघडल्यावरही आलं नव्हतं. रडता रडता ती मोठ्यानं म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं ना." खोलीत कुणी नव्हतं. हे आपण नवऱ्याला म्हटलं की देवाला, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण म्हटलं.

सोमवारी सकाळी, रोलर पुरता तापलेला असताना, रेडिओनं मान वळवली. "तुझ्याकडे कुणीतरी आलंय. लहान मूल आहे, इकडे आत आणू देऊ नकोस, वाफ आहे."

लॉन्ड्रीच्या दारात रंगाऱ्याची बायको उभी होती. चिमणी तिच्या बोटाला धरून होती आणि वाफेकडे डोळे विस्फारून बघत होती. ताई हात पुसत बाहेर आली.

"फिट आली?"

"नाही." आईचा चेहरा झोप न झाल्यासारखा होता. "म्हणजे, ठाऊक नाही. काल जेवून झोपली होती. हे बाहेरच्या खोलीत होते, लोक भेटायला येत होते. मी बघितलं तर हिचा हात हलत होता. नुसता हात, काकू. थोडाच वेळ. मग थांबला."

"मग?"

"यांनी बाहेरून विचारलं, झोपली का. मी म्हटलं, हो, छान झोपलीय. मी खोटं बोलले. दार लोटून घेतलं आणि खोटं बोलले. का बोलले? यांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून. मग मला तुमच्या त्यांची आठवण आली. मी बघितलेलंही नाही त्यांना."

ताईनं दाराच्या चौकटीला पाठ टेकवली. पाठीमागे रेडिओ एकटीच चादरीशी झगडत काहीतरी पुटपुटत होती.

"पाळकसाहेब आले होते संध्याकाळी," आई म्हणाली. "औषध सोडा असं मी कधी म्हटलं नव्हतं, असं यांना सांगत होते. हे म्हणाले, नका म्हणू, पण टाळ्या कशाला वाजवल्यात मग. भांडणच झालं जरा. हाताचं मी तेव्हाही सांगितलं नाही."

"आज सांग. जेवायच्या आधी सांग."

"ओरडतील."

"ओरडू देत. ओरडलेलं बरं."

चिमणीनं आईचा हात ओढला. आई खाली वाकून तिचे केस नीट करत म्हणाली, "डॉक्टरांकडे परत जायचं तर तीच रांग आहे ना, काकू. आणि खिडकीवर तीच सिस्टर. काल पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती ती. तुम्ही याल? माझ्याबरोबर नुसत्या उभ्या राहा. मी शुक्रवारी तुम्हाला जे बोलले…"

"ते असू दे. येते मी."

ती परत रोलरपाशी आली. रेडिओनं एका हातात दोन्ही कोपरे धरले होते आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"काय झालं?"

"उद्या सकाळी मी नाही. दुपारच्या पाळीला येईन."

"म्हणजे माझ्यासमोर ती नवीन पोरगी? तिच्या चादरी गावच्या रस्त्यासारख्या निघतात." मग ताईकडे नीट बघून, "बरं. जा. मी बघते."

पुढची चादर निळ्या दोऱ्याची होती. दोघींनी कोपरे धरले, काठ ताणला. ताईचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?"

"तुला नाही."

"मग कुणाला?"

"भांडतेय," ताई म्हणाली. चादर सरळ आत गेली. "वर्षभर अबोला होता."

"मग भांड," रेडिओ म्हणाली. "पण कोपरा धर."

मुलांच्या फिटची ओपीडी फक्त मंगळवारी असते. खिडकी आठला उघडते, रांग सातपासून फाटकाबाहेर लागते. मंगळवारी खिडकीवर मंडळीतली सिस्टरच बसते. उद्या मंगळवार आहे.